‘मार्शल’ : एक उच्चार, दोन कुळें

इंग्रजी भाषेंतील जे शब्द आमच्या घरांत येऊन राहिले, त्यांचे ढोबळमानानें दोन वर्ग पडतात. टेबल, कप, स्टेशन, बिल हे शब्द पाहुण्यासारखे आले आणि घरचेच होऊन बसले. घरांतील वडील बायकाही ते सहज उच्चारतात, आणि त्यांचें गोत्र कोणी विचारीत नाहीं. दुसरा वर्ग अशा शब्दांचा, कीं जे एखाद्या प्रसंगानें, बहुधा संकटाच्याच प्रसंगानें, लोकांच्या तोंडीं बसले आणि तो प्रसंग ओसरून गेल्यावरही मागें राहिले. प्लेग, रेशन, कर्फ्यू हे शब्द ह्या दुसऱ्या वर्गांतले. सोलापूरच्या इतिहासांतील ‘मार्शल लॉ’ हा शब्दही त्यांतलाच होय. सोलापुरांत ‘मार्शल लॉ’ असें म्हटलें म्हणजे साल सांगावें लागत नाहीं. तें १९३० चेंच असावयाचें.

परंतु हा ‘मार्शल’ म्हणजे कोण, असा प्रश्न घरांतील एखाद्या चौकस मुलानें विचारला, तर वडील मंडळींची थोडी पंचाईत होते. फील्ड मार्शल माणेकशॉ हें नांव मुलानें ऐकलेलें असतें. विधानसभेंत गोंधळ झाला म्हणजे सभासदांस मार्शलांकरवीं बाहेर काढलें, अशी बातमी तें वर्तमानपत्रांत वाचतें. तेव्हां ‘मार्शल’ नांवाच्या कोणा साहेबानें केलेला कायदा तो मार्शल लॉ, असा तर्क त्यानें बांधला तर त्याला हंसण्याचें कारण नाहीं. देवनागरींत दोन्ही शब्द एकसारखेच लिहिले जातात, आणि इंग्रजींतही त्यांचा उच्चार एकच आहे. फरक आहे तो स्पेलिंगांत; एकाच्या शेवटीं ‘टी-आय-ए-एल’ अशीं अक्षरें आहेत, तर दुसऱ्याच्या शेवटीं ‘एस-एच-ए-एल’. एवढ्याशा फरकाच्या पाठीमागें दोन अगदीं वेगळीं कुळें उभीं आहेत. एक देवाचें आहे, आणि दुसरें घोड्याचें.

देवाचें कूळ

‘मार्शल लॉ’ ह्यांतील मार्शल हा देवाच्या कुळांतला. प्राचीन रोमन लोकांचा युद्धदेव मार्स. त्यावरून लॅटिन भाषेंत ‘मार्सचा, मार्ससंबंधीं’ ह्या अर्थाचें विशेषण झालें, आणि तें फ्रेंच भाषेच्या द्वारें चौदाव्या शतकांत इंग्रजींत आलें. तेव्हां त्याचा अर्थ ‘युद्धासंबंधीं, लष्करी’ असा आहे. ‘मार्शल आर्ट’ म्हणून जी कराटे वगैरे विद्या आजकाल मुलें-मुली शिकतात, तिच्यांतला मार्शल हाच.

हा मार्स देव आमच्या घरांत आणखी दोन-तीन वाटांनीं शिरलेला आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. भिंतीवरील कॅलेंडरांत मार्च महिना येतो, तो त्याच्याच नांवाचा. रोमन लोकांचें जुनें वर्ष मार्च महिन्यापासून सुरू होई. म्हणूनच सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ह्या नांवांत सात, आठ, नऊ, दहा हे आंकडे दडलेले आहेत, आणि आमच्या सप्त, अष्ट, नव, दश ह्यांशीं त्यांचें सख्खें नातें आहे. आकाशांतील तांबड्या ग्रहास रोमन लोकांनीं मार्सचें नांव दिलें. तोच आमचा मंगळ. त्या ग्रहाचा वार तो फ्रेंच भाषेंत ‘मार्दी’, म्हणजे मार्सचा दिवस, आणि मराठींत मंगळवार. इंग्रजांनीं मात्र मार्सच्या जागीं आपल्या पूर्वजांचा टिऊ नांवाचा युद्धदेव बसविला आणि त्या वारास ‘ट्यूजडे’ म्हटलें. सोलापूरच्या मंगळवार पेठेचें नांव आणि मार्शल हा शब्द असे एका ग्रहाच्या आश्रयानें एकमेकांचे दूरचे सोयरे ठरतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मंगळ हा आमच्या ज्योतिषांत क्रूर ग्रह मानिला आहे. पत्रिका पाहतांना त्याचें नांव निघालें कीं घरांतील माणसें गंभीर होतात. आणि असें असूनही त्याचें नांव मात्र मंगळ! हा विरोध आम्हां मराठी माणसांस नवा नाहीं. बांगडी फुटली असें न म्हणतां ती ‘वाढली’ असें आपण म्हणतों. घरांतून निघतांना ‘जातों’ न म्हणतां ‘येतों’ म्हणतों. जें उग्र आहे त्यास सौम्य नांव द्यावें, ही मनुष्यस्वभावाची जुनी रीत आहे. ती केवळ स्वयंपाकघरांत आणि देवघरांतच चालते असें नाहीं. राज्यकर्त्यांच्या दफ्तरांतही चालते. तिचें उदाहरण पुढें येईलच.

जातां जातां आणखी एका शब्दाचा घोटाळा दूर करावयास हवा. महात्मा गांधी १२ मार्च १९३० रोजीं साबरमतीहून दांडीस पायीं निघाले. तिला ‘दांडी मार्च’ म्हणतात. हा पायीं चालण्याचा ‘मार्च’ फ्रेंच भाषेंतील ‘चालणें’ ह्या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला असून महिन्याच्या नांवाशीं त्याचा संबंध नाहीं. मार्च महिन्यांत मार्च निघाला, हा केवळ योगायोग.

घोड्याचें कूळ

आतां दुसरें कूळ. फील्ड मार्शल, एअर मार्शल, विधानसभेंतील मार्शल हे सर्व घोड्याच्या कुळांतले. प्राचीन जर्मन भाषेंत ‘माराह’ म्हणजे घोडा आणि ‘स्काल्क’ म्हणजे चाकर; दोहोंचा समास होऊन बनलेल्या शब्दाचा अर्थ ‘घोड्यांचा चाकर’ असा होता. आमच्याकडील मोतद्दार, दुसरें कांहीं नाहीं. पहिल्या पदाचा वंशज इंग्रजींत घोडीस ‘मेअर’ म्हणतात त्यांत दिसतो. दुसरें पद आजच्या जर्मन भाषेंत ‘लबाड, खोडकर माणूस’ ह्या अर्थानें उरलें आहे.

मग मोतद्दाराचा सेनापति कसा झाला? युरोपांतील मध्ययुगांत लढाईचें सारें बळ घोडदळावर असे. राजाच्या पागेवर देखरेख करणारा चाकर म्हणजे राजाच्या बळाची किल्ली संभाळणारा माणूस. पागेवरून तो घोडदळावर आला, घोडदळावरून सैन्यावर आला, आणि पुढें दरबारांतील मानपानाची व मिरवणुकीची व्यवस्थाही त्याच्याच हातीं गेली. इंग्लंडांत राज्यारोहणाच्या समारंभाची व्यवस्था पाहणारा ‘अर्ल मार्शल’ हा मानकरी आजही आहे, आणि १६७२ पासून तो मान नॉरफॉकच्या ड्यूक घराण्यांत वंशपरंपरेनें चालत आला आहे. फ्रेंच भाषेनें मात्र जुनी ओळख सोडली नाहीं. तिच्यांत सेनापतीसही ‘मारेशाल’ म्हणतात आणि घोड्यास नाल ठोकणाऱ्या लोहाराच्या नांवांतही तोच शब्द येतो.

ह्याच पागेंतून आणखी एक शब्द बाहेर पडला, तो ‘कॉन्स्टेबल’. लॅटिन भाषेंत ‘तबेल्याचा सरदार’ असा त्याचा अर्थ. एके काळीं इंग्लंडचा लॉर्ड हाय कॉन्स्टेबल हा मार्शलाहूनही थोर अधिकारी होता. पुढें दैवाचे फेरे असे कीं, तबेल्याचा चाकर फील्ड मार्शल झाला आणि तबेल्याचा सरदार नाक्यावरचा शिपाई झाला. आमच्या मराठींतही हे चढउतार पुष्कळ आहेत. शिवशाहींत हवालदार म्हणजे गडाचा मुख्य अधिकारी. गडाच्या किल्ल्या त्याच्या हातीं असत. आज हवालदार कोणास म्हणतात तें सर्वांस ठाऊक आहे. शिपाई ह्या फारशी शब्दाचा अर्थ सैनिक; आज तो कचेरींत फायली नेणारा माणूस होऊन बसला आहे. मनुष्यांप्रमाणें शब्दांचीही दशा पालटते, ती ही अशी.

आडनांवांतही हें कूळ पसरलें आहे. सिंधु-संस्कृतीचा शोध १९२४ सालीं जगापुढें मांडणारे, हिंदुस्थानच्या पुरातत्त्वखात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल, आणि १९४७ च्या ‘मार्शल योजने’चे अमेरिकन मंत्री जॉर्ज मार्शल ह्या दोघांच्या आडनांवाचा मूळ अर्थ ‘घोडे राखणारा’ असाच आहे. आपल्या सैन्यांत फील्ड मार्शल हा हुद्दा माणेकशॉ यांस १९७३ सालीं व करिअप्पा यांस १९८६ सालीं मिळाला. वायुदलाच्या मार्शलपदाचा मान अर्जनसिंग यांस २००२ सालीं मिळाला. विमानांच्या दळाच्या अधिपतीस पागेंतील चाकराचें नांव असावें, ही गंमत शब्दांच्याच राज्यांत होऊं शकते.

दोन कुळांची सरमिसळ

हीं दोन कुळें एकमेकांत मिसळण्याचा दोष केवळ आम्हां परक्यांकडे नाहीं. इंग्लंडांत मध्ययुगापासून सैन्यासंबंधींचे तंटे कॉन्स्टेबल आणि मार्शल ह्या दोन अधिकाऱ्यांच्या दरबारापुढें चालत. त्यामुळें सैन्याचा कायदा तो ‘मार्शलाचा कायदा’ अशी समजूत होणें स्वाभाविक होतें. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रज लेखक ‘मार्शल लॉ’ हा शब्द कधीं ह्या स्पेलिंगानें तर कधीं त्या स्पेलिंगानें लिहीत. आमच्या चौकस मुलाचा तर्क तीन-चारशें वर्षांपूर्वीं खुद्द इंग्रजांनींही केला होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

‘कोर्ट मार्शल’ हा शब्द मात्र देवाच्या कुळांतला. त्यांत विशेषण मागें आणि नाम पुढें आलें आहे, ती फ्रेंच रीत. सत्तावनच्या युद्धाचे सेनापति तात्या टोपे यांचा खटला शिप्री येथें अशाच लष्करी न्यायासनापुढें चालून त्यांस १८ एप्रिल १८५९ रोजीं फांशी देण्यांत आलें, हें वाचकांस ठाऊक आहेच.

ह्याच विशेषणानें आमच्या समाजाचें आणखी एक नुकसान केलें आहे. सत्तावननंतर, आणि विशेषतः १८८५ ते १८९३ ह्या काळांत लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापति असतांना, ‘मार्शल रेस’ म्हणजे लढाऊ जाति ही कल्पना इंग्रजांनीं सैन्यभरतीचें तत्त्व म्हणून चालविली. कोणत्या जातींत मार्स देवाचा अंश आहे हें कचेरींत बसून ठरूं लागलें! ज्या महार सैनिकांनीं कंपनीच्या फौजेंत पिढ्यान् पिढ्या चाकरी केली होती, त्यांची भरती १८९० नंतरच्या दशकांत बंद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ हे त्याच सैन्यांतील सुभेदार. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ सालीं, दुसऱ्या महायुद्धाची निकड पडली तेव्हां. अमुक जात शूर व अमुक जात नव्हे, हें आमच्या घरांतून अजून सहज बोललें जातें. बोलतांना आपण कोणाच्या भरतीखात्याची भाषा बोलतों, ह्याचा विचार आम्हीं सुशिक्षित म्हणविणारांनीं अवश्य करावा.

‘लॉ’ म्हणजे काय?

आतां ‘मार्शल लॉ’ ह्यांतील दुसऱ्या शब्दाकडे वळूं. मराठींत आपण त्यास ‘लष्करी कायदा’ म्हणतों. ह्या भाषांतरानें दोन भिन्न गोष्टी एक होतात. सैनिकांनीं कसें वागावें, शिस्त मोडल्यास त्यांचा न्याय कसा व्हावा, हें सांगणारा लिहिलेला कायदा वेगळा. आपल्याकडे तो १९५० च्या सेना अधिनियमांत आहे. त्यास लष्करी कायदा म्हणणें योग्य. मार्शल लॉ ही गोष्ट निराळी. तींत सैनिकेतर प्रजेवरच लष्कराची सत्ता चालते, आणि नेहमींच्या न्यायालयांचा आसरा प्रजेपासून तेवढ्यापुरता दूर जातो. ती सत्ता कोणत्या कलमान्वयें चालावी हें आधीं लिहून ठेवलेलें नसतें.

इंग्लंडच्या पार्लमेंटनें राजाच्या अशा सत्तेस १६२८ च्या हक्कांच्या अर्जांत विरोध केला. न्यायालयें उघडीं असतील तोंवर तो शांततेचा काळ समजावा आणि मार्शल लॉस जागा नसावी, अशी तेथील विधिज्ञांची जुनी धारणा. पुढें १८५१ सालीं ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांनीं, जे स्वतःच मोठे सेनापति आणि फील्ड मार्शल होते, लॉर्डांच्या सभेंत स्पष्टच सांगितलें कीं, मार्शल लॉ म्हणजे सेनापतीची इच्छा, त्याहून अधिक कांहीं नाहीं. खरें पाहतां तो कायद्याचा अभावच होय. हें वेलिंग्टन म्हणजे इंग्रजांच्या दुसऱ्या मराठा युद्धांत १८०३ सालीं असईच्या रणांगणावर शिंद्यांशीं लढलेले आर्थर वेलस्ली. मार्शल ह्या शब्दाचीं दोन्ही कुळें ज्यांच्या ठिकाणीं एकत्र आलीं, त्यांचाच हा निर्वाळा आहे.

म्हणजे ज्यांत कायदा नाहीं त्याचें नांव कायदा! मंगळाची गोष्ट आम्हीं वर सांगितली ती ह्याचसाठीं. उग्र ग्रहास मंगळ म्हणावें, त्याचाच हा राजकीय प्रकार. फरक इतकाच, कीं घरांतील सौम्य शब्द भीतीपोटीं आणि प्रेमापोटीं येतात. राज्यकर्त्यांचा सौम्य शब्द ज्याच्यावर प्रसंग येतो त्याच्या सोयीसाठीं नसतो. जो प्रसंग आणतो त्याच्या सोयीसाठीं असतो.

सोलापूरचे सात आठवडे

सोलापूरकरांस हा अर्थ कोशांत पाहावा लागला नाहीं. मिठाच्या सत्याग्रहांत ५ मे १९३० रोजीं महात्माजींस अटक झाली. गिरण्यांच्या ह्या शहरांत हरताळ पडले, मिरवणुका निघाल्या. ८ मे रोजीं गोळीबार झाला व त्यांत शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला. लोक खवळले, त्या दंगलींत दोन पोलिसांचे प्राण गेले आणि न्यायालयाच्या इमारतीस आग लागली. नंतरचे तीन-चार दिवस शहरांत इंग्रजी अंमल जवळजवळ उरला नव्हता. १२ मे रोजीं लष्कर आणून मार्शल लॉ पुकारण्यांत आला, आणि व्हॉइसरॉयांनीं त्याच महिन्यांत खास सोलापूरसाठीं वटहुकूम काढून त्यास आधार दिला. पंजाबांत १९१९ सालीं हेंच नांव लोकांनीं ऐकलें होतें. तेथें अमृतसरच्या एका गल्लींतून माणसांस सरपटत जावें लागलें होतें. सोलापुरांत तें जूनअखेरपर्यंत, सुमारें सात आठवडे, राहिलें. राष्ट्रीय निशाण घेऊन जाणें हा त्या दिवसांत मोठा अपराध झाला होता. काल जें निशाण मुलें हातीं घेऊन मिरवीत होतीं, तें आज पेटींत लपवावें लागलें; मधल्या रात्रींत कोणत्याही विधिमंडळानें कायदा केला नव्हता. बदलली होती ती फक्त सेनापतीची इच्छा.

८ मेच्या दंगलीबद्दल पुढें मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. चौघे चार समाजांतले. कोणत्या भरतीखात्यानें त्यांतील कोणास लढाऊ ठरविलें असतें, हा प्रश्न त्यांच्यापुढें निरर्थक आहे. सोलापूरच्या चार हुतात्मा चौकांत त्यांचें स्मारक आहे. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संक्रांतीस भरते, त्याच सुमारास त्यांचा स्मृतिदिन येतो.

मराठीनें काय म्हणावें?

आपल्या राज्यघटनेंतही १९५० पासून चौतिसाव्या कलमांत हा शब्द आहे. मार्शल लॉच्या काळांत केलेल्या कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांस संरक्षण देण्याचा अधिकार संसदेस आहे, असें तें कलम सांगतें. परंतु मार्शल लॉ म्हणजे काय, ह्याची व्याख्या घटनेंत दिलेली नाहीं. शब्द जिवंत आहे आणि त्याचा अर्थ मोकळा आहे. म्हणूनच तो वापरणारांनीं त्याचा इतिहास जाणून घेणें हें केवळ व्युत्पत्तीच्या हौसेचें काम नव्हे.

आमची सूचना एवढीच. ‘लष्करी कायदा’ हा शब्द सैनिकांच्या कायद्यासाठीं राखून ठेवावा, आणि मार्शल लॉस ‘लष्करी अंमल’ म्हणावें. अंमल ह्या शब्दांत सत्ता आहे, पण ती न्याय्यच असल्याचा दाखला नाहीं. शिवाय मराठींत अंमल म्हणजे नशाही. अफूचाही अंमल चढतो आणि सत्तेचाही. ज्या अंमलास विचारणारें न्यायालय नाहीं, तो लवकर डोक्यांत जातो, हें ह्या एका शब्दानें आपोआप सांगितलें जाईल.

ज्यांस मूळ शब्दच ठेवावयाचा असेल त्यांनीं तो खुशाल ठेवावा. सोलापूरच्या आठवणींतून तो काढणें इष्टही नाहीं. मात्र मुलानें विचारलें, तर त्यास दोन्ही कुळें समजावून सांगावीं: विधानसभेच्या दारांतला मार्शल घोड्याच्या पागेंतून आला, आणि १९३० सालीं सोलापुरांत आलेला मार्शल युद्धदेवाच्या देवळांतून आला. पहिल्याची नेमणूक नियमानें होते व त्याला नियमानें जाबही विचारतां येतो. दुसरा येतो तेव्हां जाब विचारण्याची जागाच आधीं बंद झालेली असते.